वाढत्या अंगाचा टेकू

माझ्या गाडीचं बॉनेट बरीच वर्षं माझ्या बायकोच्या डोक्यावर होतं.

हे मी अलंकारिक बोलत नाही. मुखेडला शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं, अलंकार शिकवायला दुसरे गुरुजी होते. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा रेडिएटर गळका. रोज सकाळी त्यात तांब्याने पाणी ओतल्याशिवाय ती गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जात नाही. पाणी ओतायचं तर बॉनेट उघडायचं, आणि उघडलेलं बॉनेट वर धरून ठेवणारी जी लोखंडी दांडी असते, म्हणजे टेकू, तो एके दिवशी मुळातून निघून माझ्या हातात आला. दुरुस्तीला नेऊ म्हणून मी तो ओट्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत कमलने, म्हणजे माझ्या बायकोने, तो न्हाणीतल्या चुलीत लाकडं सारायला घेतला होता. इतकी चांगली वस्तू गाडीत कशाला वाया घालवायची, असं तिचं म्हणणं पडलं.

मग टेकूचं काम तिच्याकडेच आलं. सुरुवातीला ती बॉनेट हातांनी धरायची. पण दोन्ही हात अडकून पडणं तिच्या स्वभावात नव्हतं. एके सकाळी तिने खुंटीवरची चुंबळ काढली (घागरीखाली घेतात ती कापडाची गोल गुंडाळी), डोक्यावर ठेवली आणि बॉनेटखाली जाऊन उभी राहिली. झालं! हात मोकळे. तेव्हापासून मी पाणी ओतायचो आणि ती डोक्यावर बॉनेट घेऊन शेंगा फोडायची, मेथी निवडायची. एकदा तर तिने तशीच उभ्या उभ्या माझ्या सदऱ्याची गुंडी लावली (सदरा माझ्या अंगात होता, त्यामुळे मीही जागचा हलू शकत नव्हतो). आणि बोलायची. मान वळवता येत नसल्यामुळे ती नाकासमोर बघून सलग बोलायची आणि मला रेडिएटर भरेपर्यंत ऐकावं लागायचं. रेडिएटर गळका होता म्हणून तो लवकर भरतही नसे.

मागच्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात कमल गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं. यावर मला विनोद करता येत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे जातो म्हणायला सोपं आहे. दिवसभर घरात आवाज असा माझ्या चपलांचाच. टीव्ही लावावा तर त्यातली माणसं आपापसात भांडतात, आपल्याला कुणी विचारत नाही. पण सगळ्यात वाईट वेळ सकाळची, तांब्या भरून गाडीपुढे उभं राहायची. सवयीने मी बॉनेट उचलून 'धर' म्हणायचो आणि मग मीच ते धरून उभा राहायचो, एका हातात बॉनेट, एका हातात तांब्या, आणि रेडिएटरचं झाकण काढायला तिसरा हात कुठून आणावा याचा विचार करत.

तिची चुंबळ घेऊन पाहिली. पण तिच्या डोक्यावर दाट केस होते आणि माझं टक्कल गुळगुळीत. चुंबळ सरकली, तिच्यामागून बॉनेट सरकलं आणि माझ्या नाकाने ते अडवलं. मग मुसळ लावलं. मुसळ थोडा वेळ उभं राहिलं, मला वाटलं जमलं, आणि मी आत वाकल्यावर ते निवांतपणे आडवं झालं. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं.

ही बातमी लातूरला माझ्या लेकीला, वैशालीला, मी सांगितली नव्हती. ती शेजारच्या माणिकरावांनी सांगितली. माणिकराव एसटीतले निवृत्त कंडक्टर. जन्मभर बसमधल्या सगळ्यांना कुठून आलात, कुठे जाणार विचारत हिंडलेला माणूस, निवृत्तीनंतर ती सवय कुठे जाणार? आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवर कोपरं टेकून ते मला सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारत, "जेवलात का गुरुजी?" मला त्या प्रश्नाची चीड होती. एकट्या माणसाची कीव करायला भिंतीवर उभं राहतात, असं मी धरून चाललो होतो. घरात चूल पेटलेली नसली तरी मी ताठ मानेने "हो" म्हणत असे.

प्लास्टरची खबर मिळताच वैशालीचा फोन आला. आवाज शांत होता, म्हणजे ती फार चिडली होती.

"आप्पा, आता बास झालं. तुम्हाला एकट्याला जमंना गेलंय."

मी म्हणालो, जमतंय की. ती म्हणाली, ठीक आहे, दसऱ्याला येते. आई करायची तशी गाडीची पूजा झालेली दिसली, घर नीट दिसलं, तर राहा मुखेडात. नाहीतर बॅग भरून ठेवा, घराला कुलूप लावून तुम्हाला लातूरला घेऊन जाते.

लातूर वाईट नाही. लेक जीव लावते, जावई तर माझ्यापेक्षा सज्जन आहे. पण सकाळी ती दोघं कामावर गेली की त्या फ्लॅटमध्ये मी आणि फ्रिज. एकटेपणा इथंही आहे, पण इथला माझ्या ओळखीचा आहे. इथं न्हाणीत तो टेकू आहे, खुंटीला चुंबळ आहे. मला जायचं नव्हतं.

आणि दसऱ्याची पूजा म्हणजे नुसता बाहेरून हार घालून भागत नाही. आमच्याकडे बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचं, निरांजन ओवाळायचं. कमल डोक्याने बॉनेट धरून हातांनी पूजा करायची. मला ते एकट्याने करून दाखवायचं होतं, कुणालाही हाक न मारता.

तेव्हा मोबाइलवर मला ते दांडे दिसले. दोन काळ्या नळ्या, आत दाबून भरलेला गॅस. बॉनेटच्या दोन बाजूंना एकेक बसवायची, कळ ओढली की बॉनेट आपोआप वर जातं आणि तिथेच थांबतं. माणूस लागत नाही. 'माणूस लागत नाही' हे वाचून मी मागणी नोंदवूनच टाकली.

नोंदवताना गाडीचं नाव विचारलं होतं. माझ्या गाडीचे दांडे किरकोळ दिसले. त्यांच्या खालीच एका मोठ्या जीपचे होते, चांगले जाडजूड. आमच्या घराण्यात मापाची वस्तू कुणी घेत नाही. वैशालीचा पहिलीतला फ्रॉक तिला चौथीत मापात बसला. माझ्या लग्नातला कोट अजून मला थोडा मोठाच होतो. वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची, हा संस्कार. मी जीपचे दांडे घेतले. गाडी वाढत नसते, हे निदान विज्ञानाच्या शिक्षकाला आठवायला हवं होतं.

तोवर प्लास्टर निघालं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसवायला घेतले. सोबत एक कागद आला होता, त्यावर न वाचता येणाऱ्या लिपीत मजकूर आणि एका हसऱ्या माणसाचं चित्र. मोबाइलवर एक पोरगा हे काम हिंदीत दोन मिनिटांत करून दाखवत होता. मला दुपार झाली. भोकं पाडली, ती चुकली, शेजारी दुसरी पाडली. शेवटी स्क्रू पिळले, बॉनेटखाली लावलेलं मुसळ काढून घेतलं आणि दोन पावलं मागे सरलो. बॉनेट जागचं हललं नाही. ते तिथेच राहिलं, ताठ, मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं इतकं उंच!

"बघितलंस?" मी मागे वळून म्हणालो.

मागे तुळस होती.

मग बॉनेट लावायला गेलो. एका हाताने दाबलं, ते दबलं नाही. दोन हातांनी दाबलं. पोटाने रेललो. तरफ हा धडा मी इतक्या वर्गांना शिकवलाय की बल कुठे लावावं हे झोपेत सांगेन. मी अगदी टोकाला, योग्य जागी बल लावलं. बॉनेट थोडं खाली आलं, त्याने विचार केला, आणि ते मला घेऊन वर गेलं. पाय जमिनीवरून सुटल्यावर मी हात सोडले.

वजन कमी पडतंय, हे निदान बरोबर होतं. घरात माझ्यापेक्षा जड एकच वस्तू होती, ज्वारीचं पोतं. अर्धी ज्वारी काढून ठेवली, उरलेलं पोतं खांद्यावर घेतलं, बॉनेटच्या टोकावर टाकलं आणि वरून मी पडलो. बॉनेट खाली गेलं! आता नुसतं 'खट्' व्हायचं बाकी होतं, तेवढ्यात पोतं घसरलं, काचेकडे गेलं आणि पोत्याचं तोंड सुटलं. वाढत्या अंगाच्या दांड्यांनी बॉनेट पुन्हा वर झोकून दिलं. ज्वारी इंजिनात गेली, काचेखालच्या जाळीत गेली, बॉनेट अडकतं त्या कुलपात गेली. उरलेली माझ्या सदऱ्यात. पाच मिनिटांत माणिकरावांच्या कोंबड्या भिंत ओलांडून आल्या आणि इंजिनावर चढून जेवायला बसल्या.

कोंबड्यांमागून भिंतीवर माणिकराव आले. त्यांनी बॉनेटकडे, कोंबड्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काय करायलात गुरुजी?"

"गाडीला हवा देतोय."

"बरं." थोडं थांबून, "जेवलात का?"

"हो," मी कानातली ज्वारी काढत म्हणालो.

दसऱ्याला सकाळी उठून गाडी धुतली. झेंडूचा हार केला. इंजिनाला हळदकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, नारळ फोडला. एकट्याने. बॉनेट धरायला कुणी नव्हतं आणि लागलंही नाही. मला हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं, आणि मला जराही बरं वाटलं नाही. निरांजनाचं तबक हातात घेऊन उभा राहिलो तर कुठे ठेवावं तेसुद्धा सुचेना.

दुपार कलल्यावर वैशालीचा फोन आला, निघालोय. आता बॉनेट लागायलाच हवं होतं. पूजेसाठी उघडं ठेवलंय म्हणता आलं असतं, पण वैशाली आईवर गेली आहे. डबा असो, कपाट असो, उघडं दिसलं की ती बंद करते. तिने हात लावला असता आणि तिला सगळं कळलं असतं. मी पुन्हा लोंबकळलो. घडवंचीवर चढून बॉनेटवर बसलो. ते मला अर्ध्यात घेऊन थांबलं, ना खाली ना वर. तिथून भिंतीपलीकडचं अंगण दिसत होतं. माणिकराव ओट्यावर एकटेच बसून भाकरी खात होते.

मी जन्मात त्यांना हाक मारली नव्हती. ती मारायला बराच वेळ लागला.

"माणिकराव, जरा येता का?"

ते भाकरी टाकून आले. का, कशाला, काही विचारलं नाही (कंडक्टरने चौकशी न करणं मी पहिल्यांदाच पाहिलं). माझ्या शेजारी बॉनेटवर चढून बसले. आम्हा दोघांच्या वजनाने बॉनेट हळूहळू खाली गेलं आणि बसलं. मी उतरायला पाय खाली टाकला, तसं ते माझ्या बाजूने वर यायला लागलं. मी पुन्हा बसलो. कुलपात ज्वारी अडकली होती, ते लागतच नव्हतं. म्हणजे आम्ही दोघं बसून होतो तोवर बॉनेट बंद, उठलो की उघडं.

"मग बसू की," माणिकराव म्हणाले. "मला कुठं जायचंय?"

बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, घरचे कुठं दिसत नाहीत? ते म्हणाले, बायको पुण्याला, लेकाकडं. नातू सांभाळायला म्हणून गेली त्याला दीड वर्ष झालं. नातू मोठा झाला तशी नात झाली. मला हे माहीत नव्हतं. कमरेएवढी भिंत, आणि मला माहीत नव्हतं.

"वैनी बॉनेट डोक्यावर घेऊन हुब्या ऱ्हायच्या तवा माझ्याशी भिताडावरनं बोलायच्या," ते म्हणाले. "आता कोण बोलतंय? तुम्हाला रोज इचारतो जेवलात का. तुम्ही हाव म्हणता. मग मी घरात जाऊन एकटाच जेवतो."

"मी न्हाई म्हणालो असतो तर?"

"तर मग दोन भाकरी जास्त थापल्या असत्या."

मी इतके दिवस कीव म्हणून ज्याला तोडून टाकत होतो ते जेवायचं आमंत्रण होतं, आणि मी भरल्या पोटाचा आव आणून ते रोज दोन वेळा परत पाठवत होतो.

सांज झाली. लोक शिलंगण करून परतायला लागले. दसऱ्याला आपट्याचं सोनं घेऊन माणसं घरोघर जातात, पण माझ्याकडे अलीकडे फारसं कुणी येत नसे. एकट्या म्हाताऱ्याच्या बंद दारावर कोण थाप मारणार? आज मात्र दोन म्हातारे हार घातलेल्या गाडीवर पाय सोडून बसलेले. बघायलाच लोक थांबायला लागले, आणि थांबलं की सोनं द्यावंच लागतं. आमचे पाय आयते समोर लोंबत होते, त्यामुळे नमस्कारही सोयीचा पडत होता. जुने विद्यार्थी आले, त्यांच्या बायका आल्या. तुम्ही वर कामून बसलात, असं सगळ्यांनी विचारलं. माणिकराव सांगत, गाडीची पूजा हाय, गुरुजींकडं अशीच करत्यात. पुढच्या वर्षी दोन-तीन जण आपापल्या गाडीवर बसतील, अशी मला भीती आहे. आमच्या मांड्यांवर आपट्याच्या पानांचा ढीग झाला.

आणि वैशालीची गाडी दारात आली.

ती उतरली. तिने बापाला बॉनेटवर बसलेलं पाहिलं, शेजारी माणिककाकांना पाहिलं.

"आप्पा, खाली उतरा."

"इथं बरंय. वारं येतंय."

"आप्पा."

तिच्यापुढे मी तग धरला असता. माणिकरावही मख्ख चेहऱ्याने बसून होते. पण तिच्या मागून जावई उतरले, हात जोडले आणि म्हणाले, "मामा, नमस्कार." आता जावई दारात आलेला असताना सासऱ्याने बसून राहायचं? आमच्या सात पिढ्यांत असं झालेलं नाही. जावयापुढे आमचे आजोबा बाजेवरून उठून उभे राहायचे, आणि त्यांना लकवा मारलेला होता. माझे पाय मला न विचारता खाली गेले. आणि माणिकराव, शेजाऱ्याचा जावई म्हणजे आपलाच जावई, तेही उठले. दोघंही एकदम, हात जोडून, "या जावईबापू!"

बॉनेट आमच्या मागून सुटलं. आपट्याची पानं, झेंडूचा हार, काचेखाली उरलेली ज्वारी, आमच्यामध्ये ठेवलेली पूजेची हळदीची वाटी, सगळं वर उडालं आणि नमस्काराला वाकलेल्या जावयावर पडलं. लग्नात त्यांच्या डोक्यावर इतक्या अक्षता पडल्या नव्हत्या. इंजिनात एक कोंबडी राहिली होती, ती ओरडत त्यांच्या खांद्यावरून भिंतीपलीकडे गेली. जावई सज्जन. पिवळ्या चेहऱ्याने ते म्हणाले, "मामा, पूजा छान केलीय."

वैशाली हसली नाही. ती उघड्या बॉनेटपाशी गेली. आत इंजिनाला लावलेलं हळदकुंकू पाहिलं, ते जाड काळे दांडे पाहिले. मग न्हाणीकडे गेली आणि खुंटीवरची चुंबळ हातात घेऊन परत आली.

"आप्पा, एकट्याला जमत न्हाई, एवढं कबूल करा."

"न्हाई जमत," मी म्हणालो. दोन दसऱ्यांत हे मी पहिल्यांदा म्हणालो. "एकट्याला न्हाई जमत. पण ह्यांना घेऊन बसलो की जमतंय."

तिने माणिकरावांकडे पाहिलं. ते लगबगीने म्हणाले, "ताई, आज जेवायला माझ्याकडं. गुरुजी जेवले न्हाईत." मग तिला रडू आलं. ते हसण्यासारखं दिसत होतं, पण मी तिचा बाप आहे, मला फरक कळतो.

जावयांनी काडीने कुलपातली ज्वारी टोकरून काढली. मग आम्ही चौघं बॉनेटवर बसलो, 'खट्' आवाज आला, आणि उठल्यावरही ते बंदच राहिलं. मी बॅग भरली नव्हती. तिनेही विचारलं नाही. लातूरला जाताना चुंबळ मात्र तिने मागून घेतली.

आता रोज सकाळी मी कळ ओढतो, बॉनेट आपोआप वर जातं, मी दोन्ही हात मोकळे ठेवून पाणी ओततो. माणूस लागत नाही. पण लावायला दोन लागतात. म्हणून भिंतीवरून हाक मारतो, माणिकराव येतात, आम्ही बसतो, बॉनेट लागतं, आणि लागल्यावरही आम्ही लवकर उठत नाही. मग गाडीतून निघालो आणि आतला पंखा लावला की अजूनही जाळीतून ज्वारीचे दोन-चार दाणे माणिकरावांच्या तोंडावर येतात, ते खाऊन टाकतात.

जावयांनी बिचाऱ्यांनी माझ्या गाडीच्या अगदी मापाचे दांडे पाठवले आहेत, एका बोटाने बॉनेट लागेल असे. खोकं कपाटात आहे. बसवले का, म्हणून ते अधूनमधून फोनवर विचारतात. मी सांगतो, बसवू हो, घाई काय आहे, आताचे वाढत्या अंगाचे आहेत, गाडी अजून वाढायची आहे.